खडा पडायची वाट किती बघायची?

मे महिन्याने मुंबईकरांना पिळून काढलं की जूनमध्ये माझ्या टपालात मुतखडे येतात. यंदा इतकी पत्रं आली की संपादकांनी अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. पालिकेच्या रुग्णालयात मूत्ररोग विभागात माझी नोकरी झाली, आता दादरला छोटा दवाखाना चालवते. त्यामुळे या विषयात माझी मतं पक्की आहेत आणि जरा तिखटही. सांभाळून घ्या. जागेसाठी पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न: वय ३९. भायखळ्याच्या बाजारातून उपनगरात भाजीचा टेम्पो चालवतो. गेल्या आठवड्यात पहाटे उजव्या कुशीत अशी कळ आली की गाडी बाजूला घेऊन फुटपाथवर लोळलो. उलट्या झाल्या. इंजेक्शन घेतल्यावर थांबलं. सोनोग्राफीत उजव्या मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला ६ मिलिमीटरचा खडा आणि किडनीला थोडी सूज असं आलं. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली, म्हणाले वाट बघू. सासूबाई कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं देतायत. मेहुणा म्हणतो बिअर पी. बाजारातला एक जण म्हणतो थांबू नकोस, लेझर करून टाक. आता दुखत नाही, पण सारखं लघवीला जावंसं वाटतं आणि जळजळतं. खडा पडून गेला का? नसेल तर किती दिवस वाट बघू? (भायखळा)

उत्तर: भाऊ, तुमच्या पत्रावरून तरी खडा पडलेला वाटत नाही. सारखी लघवीला लागणं आणि जळजळणं ही खडा मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन बसल्याची नेहमीची खूण. कळ थांबली म्हणजे खडा गेला, असं धरून चालू नका. लघवी खाली उतरायला अडथळा आला की वरचा भाग ताणला जातो, कळ येते ती त्या ताणाची. खडा जरा हलला, बाजूने लघवीला वाट मिळाली की कळ थांबते. कधीकधी मात्र अडथळा तसाच राहतो, दुखणं तेवढं बंद होतं आणि मूत्रपिंड मुकाट्याने सोसत बसतं. महिनोन् महिने काही दुखलं नाही म्हणून फिरकले नाहीत आणि आले तेव्हा एका बाजूचं मूत्रपिंड कामातून गेलेलं, असे पेशंट मी पाहिलेत. तेव्हा खडा हातात आला किंवा तपासणीत दिसेनासा झाला, तरच तो पडला म्हणायचं.

आता वाट किती बघायची ते. मूत्रवाहिनी म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर लांबीची, आतून तीन-चार मिलिमीटर रुंदीची नळी. तिच्यात तीन जागा अरुंद असतात. मूत्रपिंडातून निघते तिथे, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे आणि मूत्राशयात शिरते तिथे. तुमचा खडा पहिल्या दोन चौक्या ओलांडून तिसरीशी आलाय. लोक आधी विचारतात, "किती एमएमचा?" मी आधी विचारते, "कुठे आहे?" पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपले आपण पडतात, दहाच्या वरचे क्वचितच, आणि मधल्यांचं जवळपास निम्मं-निम्मं. पण हाच सहाचा खडा वर मूत्रपिंडापाशी अडकला असता तर मी तुम्हाला इतकी आशा दाखवली नसती. शिवाय सोनोग्राफीत लहान खडा असतो त्याहून थोडा मोठाच मोजला जातो. नेमकं माप हवं असेल तर काँट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं रंगाचं औषध, न देता केलेला साधा सीटी स्कॅन लागतो.

म्हणून तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. वाट बघा. चार आठवडे, फार ताणलं तर सहा. मात्र वाट बघणं म्हणजे रिपोर्ट कपाटात टाकून गाडीवर जाणं नव्हे. दर आठ-पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करून सूज वाढत नाही ना ते बघायचं, आणि मधे एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते त्यावरून कळतं) आणि लघवीची तपासणी. मुदत संपली आणि खडा जागचा हलला नाही, तर काढून घ्यायचा. त्यात "अजून एक आठवडा बघतो" अशी घासाघीस नको.

काही गोष्टी घडल्या तर ही मुदत त्याच क्षणी संपते. सगळ्यात वाईट म्हणजे थंडी वाजून ताप. अडकलेल्या खड्याच्या मागे तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले तर तासांच्या हिशेबाने माणूस खालावतो. नुसत्या अँटिबायोटिकने ते आवरत नाही, तुंबलेलं मोकळं करावंच लागतं. त्यासाठी आतून स्टेंट म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी घालतात, नाहीतर पाठीतून बारीक नळी. त्यामुळे तापाची गोळी घेऊन सकाळ व्हायची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता का असेना, निघायचं. केईएम, नायर, सायन या तिन्ही ठिकाणी मूत्ररोग विभाग आहेत आणि तुम्ही राहता तिथून नायर तर हाकेवर. लघवी अजिबात होईनाशी झाली, उलट्यांमुळे पाणीसुद्धा पोटात ठरेना, इंजेक्शननेही कळ आवरेना, तरीही असंच. ज्यांना एकच मूत्रपिंड आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी पहिल्या कळेलाच रुग्णालय गाठावं. हे चार आठवडे त्यांच्यासाठी नाहीत.

रात्रीची गोळी बहुतेक टॅमसुलोसिन असणार. ती नळीचा खालचा भाग सैल करते, आणि तुमच्यासारख्या पाच ते दहा मिलिमीटरच्या, खाली आलेल्या खड्याला तिचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. तिने उठल्याबरोबर चक्कर येऊ शकते, म्हणून जेवणानंतर, झोपायच्या आधी घ्या आणि पहाटे अंथरुणावरून झटकन उठू नका. गोळी सुरू असेपर्यंत वीर्य कमी येतं किंवा येत नाही. पुरुष हे डॉक्टरांना विचारत नाहीत आणि मनात घाबरत राहतात. औषध बंद केलं की पूर्ववत होतं.

टेम्पोचं काय? कळ सांगून येत नाही. ईस्टर्न एक्स्प्रेसवर भरल्या गाडीत ती आली तर तुम्ही फक्त तुमचा जीव धोक्यात घालत नाही. खडा पडेपर्यंत दुसऱ्याला चालवू द्या, तुम्ही हिशेब बघा. कळेवर डायक्लोफिनॅकच्या जातीचं औषध चांगलं चालतं, पण ते रिकाम्या पोटी आणि मनाला येईल तितकं घ्यायचं नाही. पोटात अल्सर असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर आधी विचारायचं. शेकायची पिशवी किंवा कोमट पाण्याची आंघोळ यानेही बरं वाटतं.

पाण्याबद्दल एक गैरसमज मुंबईत घरोघर आहे. कळ चालू असताना तांब्यावर तांबे पाणी प्यायलं की खडा धक्क्याने बाहेर पडतो म्हणे. पडत नाही. तुंबलेल्या नळीवर आणखी दाब येतो, कळ वाढते आणि ते पाणी उलटून पडतं. कळ असताना घोट घोट घ्या, ओसरली की नेहमीसारखं प्या.

आता सासूबाई. कुळथाचं कढण प्यायला माझी काही हरकत नाही, मी कोकणातली आहे, मला स्वतःला आवडतं. पोटात पाणी जातं, तेवढा फायदा आहेच. मीठ मात्र बेताने घालायला सांगा. पण बहुतेक खडे असतात तसा कॅल्शियमचा खडा कढणाने, पानफुटीने किंवा आणखी कशाने विरघळत नाही. तो विरघळवणारं औषध आमच्याकडेही नाही, नाहीतर आम्ही दुर्बिणी कशाला घेतल्या असत्या? मग लोकांना गुण कसा येतो? निम्म्याहून जास्त खडे आपसूक पडतात, आणि पडतात त्या दिवशी माणसाने काहीतरी घेतलेलं असतंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. सासूबाईंचं मन राखायला एखादं पान खाल्लंत तर खा. पण नाव-गाव नसलेल्या, 'खडा पाडायच्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या घेऊ नका. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

मेहुण्याला सांगा, बिअरने लघवी होते ती तासभर, नंतर शरीरातलं पाणी कमी पडतं. वर युरिक अ‍ॅसिड वाढतं, आणि रात्रीच्या गोळीबरोबर घेतली तर चक्कर येऊन मोरीत पडाल. बिअर प्यायला त्याला सोबत हवी असेल तर सरळ तसं म्हणू दे.

लेझरवाला मित्र अगदी चुकीचा नाही. तुमच्या कामाला सुट्टी परवडत नसेल, कळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर मुदतीआधीही खडा काढता येतो. लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण घालतात, लेझरने खडा फोडतात, पोटावर टाका पडत नाही. बाहेरून लहरी सोडून खडा फोडायचं यंत्र वेगळं. ते माणसावर पहिल्यांदा १९८० साली म्युनिकमध्ये वापरलं गेलं आणि अजूनही कामाला येतं, पण इतक्या खाली आलेल्या खड्याला दुर्बीण जास्त खात्रीची.

आणि आजपासून लघवी गाळायची. चहाची बारीक जाळीची स्टीलची गाळणी नवी आणा, दांड्याला लाल दोरा बांधा, म्हणजे चुकून कुणाच्या चहात जाणार नाही. बाहेर असाल तेव्हा रुंद तोंडाच्या बाटलीत करा आणि नंतर गाळा. येईल तो खडा तपकिरी, खरखरीत, हरभऱ्याच्या डाळीएवढा असेल, किंवा तुकड्यांत येईल. मूत्राशयातून पुढची वाट रुंद असते, त्यामुळे शेवटचा टप्पा तुम्हाला वाटतो तितका भयंकर नसतो. एक टोचणी, धार मधेच थांबते, आणि गाळणीत टिक्क.

प्रश्न: वय ५२. कांदिवलीहून चर्चगेटला नोकरीला जाते. दोनदा खडा झाला, दोन्ही वेळा पडला. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट आलं. तेव्हापासून दूध, दही, टोमॅटो, वांगी, भेंडी, पेरू सगळं सोडलंय. आता हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्यात. घेऊ का? आणि दिवसाला पाच लिटर पाणी पी म्हणतात, ते ट्रेनमध्ये कसं जमणार? (कांदिवली)

उत्तर: ताई, तुम्ही सोडायचं ते ठेवलंत आणि ठेवायचं ते सोडलंत! दूध-दही आजपासून सुरू करा. खड्यात कॅल्शियम आहे म्हणून खाण्यातलं बंद करायचं, हा हिशेब वरवर सरळ दिसतो पण आतड्यात उलटा बसतो. जेवणातलं कॅल्शियम आणि जेवणातलं ऑक्झलेट आतड्यातच एकमेकांना धरतात आणि संडासावाटे निघून जातात. कॅल्शियम कमी पडलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात शिरतं आणि लघवीत येतं. म्हणजे दूध सोडून तुम्ही खड्याला मदतच केलीत. गोळ्याही घ्या, पण जेवणाच्या घासाबरोबर. रात्री झोपताना रिकाम्या पोटी घेतली तर ते कॅल्शियम ऑक्झलेटला धरायला नसतं, थेट लघवीत वाढतं. तुमचे हाडांचे डॉक्टर आणि मूत्ररोगाचे डॉक्टर वेगवेगळे असतील, तर दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. ते आपण होऊन बोलत नाहीत.

टोमॅटोने तुमचं काही घोडं मारलेलं नाही. त्याच्या बिया खड्यासारख्या दिसतात, एवढाच त्याचा गुन्हा. वांगी, भेंडी, पेरूही बेताने खा. खरं ऑक्झलेट पालकात असतं, माठ-राजगिऱ्यात, अळूत, बिटात, बदाम-काजूत, चॉकलेटमध्ये. अळू घशाला खाजतं ते त्यातल्या ऑक्झलेटच्या सुयांमुळेच. श्रावणात एखाद्या वेळी फदफदं खाल्लंत तर आभाळ कोसळणार नाही, पण रोज सकाळी पालकाचा हिरवा रस पिणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, त्यांचं मी ग्लासासकट ऑपरेशन करावं म्हणते. पालेभाजी उकडून पाणी फेकलं तर ऑक्झलेट बरंच कमी होतं. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या 'प्रतिकारशक्तीसाठी' चालू असतील तर बंद करा, शरीर त्याचंही ऑक्झलेट करतं.

मिठाकडे मात्र कोणी बघत नाही. मीठ जास्त गेलं की लघवीत कॅल्शियम जास्त उतरतं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. ऑफिसच्या चारच्या चहाबरोबर फरसाण, डब्यात लोणचं, रात्री पापड, रविवारी सुके बोंबील, यात तो चमचा कधीच ओलांडला जातो.

पाण्याचं सांगते. पाच लिटरचा आकडा कुठून आला कोण जाणे. प्यायला किती यापेक्षा लघवी किती झाली ते धरा. दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हायला हवी. एका रविवारी घरी एक मोजपट्टी असलेली बाटली ठेवा आणि चोवीस तास मोजा, मग तुमचा तुम्हालाच अंदाज येईल. मुंबईच्या दमट हवेत घामात किती जातं ते कळत नाही, त्यामुळे पुण्याच्या बहिणीचं माप तुम्हाला लागू नाही.

बायका सकाळी अर्ध्या कपावर का निघतात, ते मला ठाऊक आहे. कांदिवली ते चर्चगेट गर्दीत तास-सव्वा तास, आणि उतरल्यावर स्वच्छ संडास मिळेल की नाही याची खात्री नाही. २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' ही बायकांसाठी स्वच्छ मुताऱ्या मागणारी मोहीम सुरू झाली ती काही हौसेखातर नाही. तो प्रश्न सुटेपर्यंत वेळ वाटून घ्या. उठल्या उठल्या दोन पेले, म्हणजे निघायच्या आत लघवी होऊन जाते. प्रवासात नुसते घोट. ऑफिसात पोचल्यापासून संध्याकाळी निघायच्या तासभर आधीपर्यंत खरं पाणी प्यायचं. घरी आल्यावर पुन्हा. आणि झोपताना एक पेला, कारण रात्रीच लघवी सगळ्यात घट्ट होते. रात्री एकदा उठावं लागलं तर कुरकुरू नका. एक-दोन लिंबं पिळून पाणी घ्या, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. मीठ-साखर घालून सरबत केलंत तर फायदा निम्मा वाया. शहाळंही चांगलं, मूत्रपिंड अधू असलेल्यांनी मात्र विचारून.

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे. दुर्बिणीने खडा काढून आत स्टेंट ठेवलाय. सारखी लघवी लागते, कधी लाल होते, कमरेत दुखतं. आता बरं वाटतंय तर परत दवाखान्यात जाणार नाही म्हणतात. राहू दिला तर चालेल का? (गोरेगाव)

उत्तर: मुळीच नाही. स्टेंटने होणारा त्रास नेहमीचा आहे, चालल्यावर थोडं रक्त दिसणंही. ताप आला किंवा रक्ताच्या गुठळ्या यायला लागल्या तर लगेच दाखवायचं. पण ती नळी काढायची असते. साधारण तीन महिन्यांच्या वर राहिली की तिच्यावरच खडा चढायला लागतो, आणि विसरलेला स्टेंट काढायला मूळ खड्यापेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर तारीख असेल ती शोधा. काकांना सांगा, काढायला बहुतेक वेळा बधीर करायची जेली लावून काही मिनिटं लागतात, आणि निघाल्यावर रात्रीची झोप परत मिळते. शेवटचं सांगितलंत तर येतील.

प्रश्न: आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं. ते जड असल्यामुळे तीन घरांत मुतखडे झाले. आरओ लावावा का? (चांदिवली)

उत्तर: पालिकेचं पाणी तुलसी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांतून येतं. ते पावसाचं, मऊ पाणी. टँकरचं बोअरिंगचं असेल तर जड असू शकतं. पण जड पाण्यानेच खडे होतात असं ठामपणे म्हणता येत नाही. पाणी कमी पिण्याने होतात, हे मात्र नक्की. जंतूंसाठी फिल्टर लावायचा तर जरूर लावा, मुतखड्यासाठी म्हणून खर्च करू नका.

प्रश्न: माझा खडा पडला. आईने तो धुऊन कुंकवाच्या करंड्यात देवघरात ठेवलाय. म्हणते दिसायला रुद्राक्षासारखा आहे. डॉक्टर म्हणतात तपासायला द्या. आता कुंकू लागलेलं चालेल का? पुन्हा खडा होऊ नये म्हणून तपासणी खरंच लागते का? (लालबाग)

उत्तर: आईंना माझा नमस्कार. कुंकू झटका, साध्या पाण्याने पुन्हा धुवा, टिपकागदावर सुकवा आणि कोरड्या डबीत घालून लॅबमध्ये द्या. चिठ्ठीवर कुंकवाचा उल्लेख करा, नाहीतर तिथल्या माणसाला घाम फुटेल. एखादा तुकडा पुरतो, बाकीचा आईंना परत द्या.

तपासणी लागते, कारण खडे सगळे एका जातीचे नसतात. बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि त्यांना वर ताईंना सांगितलं ते सगळं लागू. पण तुमचा युरिक अ‍ॅसिडचा निघाला तर गोष्टच वेगळी. तो साध्या एक्स-रेत दिसत नाही आणि एवढा एकच सर्वसाधारण प्रकार गोळ्यांनी विरघळू शकतो, लघवीतली आम्लता कमी केली की. मग मटण, कलेजी, बांगडा, तारली आणि दारू यांना आवर घालायचा. जंतूंमुळे होणारे खडे तिसरेच, त्यात आधी जंतू घालवावे लागतात. आणि तुमचं वय विशीच्या आतलं असेल, किंवा घरात आणखी कुणाला लहानपणी खडे झाले असतील, किंवा हा पहिला नसेल, तर लॅबच्या रिपोर्टबरोबर चोवीस तासांच्या लघवीची आणि रक्तातल्या कॅल्शियमची तपासणीही सांगतील. ती टाळू नका. चोवीस तासांचा कॅन सकाळची पहिली लघवी सोडून देऊन सुरू करायचा आणि दुसऱ्या दिवशीची पहिली त्यात धरून संपवायचा. निम्मे लोक इथेच गोंधळतात आणि पैसे फुकट जातात.